पेडर रोडची 'कांचनजंगा' आतून बघितली (वर्णन मोठं आहे, शेवटी थोडा वैतागही)

ओलगळती

नमस्कार मंडळी. गळती शोधणं हा माझा धंदा. त्यामुळे कुठल्याही घरात शिरले की नजर आधी छताच्या कोपऱ्याकडे जाते. पाव्हणे समुद्र बघतात, मी पोपडे बघते. पुढचं सगळं त्याच नजरेनं लिहिलेलं आहे, सांभाळून घ्या.

मावशीच्या भिशीतल्या एक बाई कांचनजंगात राहतात. मजला सांगायचा नाही आणि आतले फोटो काढायचे नाहीत, या अटींवर त्यांनी मला आणि माझ्या भाचीला घर दाखवायचं कबूल केलं. भाची आर्किटेक्चर शिकतेय, तिच्यासाठी ही पंढरीच. जुलैची दुपार, बाहेर नुसता धिंगाणा पाऊस. समुद्र दिसणार नाही म्हणून ती हिरमुसली होती, मी मनातून खूश होते. उन्हात सगळ्याच इमारती बऱ्या दिसतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांची इमारत. आराखडे १९७० पासूनचे, पूर्ण झाली १९८३ मध्ये. २१ मीटर बाय २१ मीटरचा चौरस आणि उंची ८४ मीटर, म्हणजे रुंदीच्या बरोब्बर चौपट. मजले २८ आणि घरं मात्र ३२च. खालून बघितलं तर बहुतेक अंग पांढरं, सपाट, काहीच न बोलणारं. फक्त कोपऱ्यांवर दोन-दोन मजले उंचीचे तुकडे कापून काढलेले दिसतात. रस्त्यावरून जाताना मला नेहमी वाटायचं की ही नुसती ऐट आहे.

आत गेल्यावर कळलं की सगळं घर त्या कापलेल्या कोपऱ्यासाठीच मांडलंय. सलग एका पातळीचं घर नाहीच ते. दार उघडून आत गेलात की थोड्या पायऱ्या, मग बसायची जागा, पुन्हा पायऱ्या. खोल्या एकमेकींपासून भिंतीनं कमी आणि पातळीनं जास्त वेगळ्या केल्यात. आणि सगळ्याच्या टोकाला ती गच्ची. दोन मजले उंच, दोन बाजूंनी उघडी, तिच्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी घर.

पाऊस गच्चीत येत होता. चांगला आत येत होता! कुंड्या भिजत होत्या, फरशीवरून पाणी वाहत जाऊन जाळीत पडत होतं. आणि आम्ही गच्चीचं दार सताड उघडं ठेवून तिच्या आतल्या बाजूला कोरडे बसून चहा पीत होतो. पंखा बंद, एसी बंद. वारा पश्चिमेकडून येऊन घरातून आरपार पूर्वेला जात होता. बाई म्हणाल्या, "पावसाळ्यात वेताच्या खुर्च्या आत घेतो, नवरात्रात बाहेर काढतो. बाकी गच्चीचं गच्चीच बघून घेते."

हे वाक्य ऐकलं आणि मला आमची गुहागरकडची पडवी आठवली. पडवी भिजते, तापते, तिच्यात चिखलाच्या चपला येतात, ओले इरले टांगले जातात. ती हे सगळं सोसते म्हणून माजघर कोरडं आणि गार राहतं. पावसाआधी तिला माडाच्या झावळांची झापं बांधायची, दिवाळीच्या सुमाराला सोडायची. कोरियांनी पेडर रोडवर तेच केलंय. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, म्हणून घराचं तोंड तिकडे हवं. पण दुपारनंतरचं ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच येते. जुन्या बंगल्यांनी यावर खोल्यांभोवती व्हरांड्याचा पट्टा गुंडाळून उत्तर काढलं होतं. कोरियांनी तो पट्टा उचलून विसाव्या मजल्यावर नेला. हे ते स्वतःच मांडत असत, माझा शोध नाही. पण पावसात तिथे बसल्याशिवाय मला ते पटलं नसतं.

थोड्या वेळानं उघडीप झाली आणि पश्चिमेला ब्रीच कँडीच्या पलीकडे कोस्टल रोडची राखाडी पट्टी आणि मग समुद्र असं दिसलं. पूर्वेच्या खिडकीतून ताडदेवचे इंपिरियलचे जुळे मनोरे. घर बांधलं तेव्हा तिकडे गिरण्यांच्या चिमण्या आणि बंदर दिसत असणार. समुद्राचं मी फार वर्णन करत नाही, ते सगळ्यांच्या घरी कॅलेंडरवर असतं.

आता वैताग. दुसऱ्याच दिवशी उपनगरातल्या एका नव्याकोऱ्या टॉवरमध्ये गळती बघायला गेले. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. बाल्कनी नाही, छज्जा नाही, नावाला पडदे. काच आणि काँक्रीटच्या सांध्यातलं सीलंट पहिल्याच पावसात सुटलेलं, हॉलमध्ये टॉवेल पसरलेले. चाळीस वर्षांपूर्वी याच शहरात हा प्रश्न सुटलेला होता. मग आपण पुन्हा टॉवेलवर कसे आलो?

सुकी_भेळ

आधी वाखूण साठवली, मग वाचलं. "पाव्हणे समुद्र बघतात, मी पोपडे बघते" 😀

गिरगावची_गॅलरी

लेख छान, पण ताई, थोडं खाली या. ८४ मीटरची इमारत आणि ३२ बिऱ्हाडं. आमच्या चाळीत दोन मजल्यांत तेवढी बिऱ्हाडं व्हायची. गॅलरी आमच्याकडेही होती: घरासमोर सलग, चार फूट रुंद, लाकडी कठड्याची. ऊन-पाऊस तीही अडवायची. शिवाय वाळवणं, अभ्यास, गणपतीची आरास, भांडणं, लग्नं जुळवणं हे सगळं तिथेच. तिला कुणी पुरस्कार दिला नाही. श्रीमंतांनी पडवी बांधली की ते आर्किटेक्चर आणि आम्ही बांधली की ती दाटीवाटी, असं आहे का?

टी_स्क्वेअर

गिरगावची_गॅलरी, मुद्दा खरा आहे आणि त्याच्याकडे येतोच. आधी शिकवणी घेतो, सवय आहे.

कांचनजंगाचं काम कोरियांनी प्रवीणा मेहता यांच्याबरोबर केलं. हे नाव नेहमी गाळलं जातं म्हणून मुद्दाम लिहितोय. याच दोघांनी शिरीष पटेल यांच्यासोबत खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना १९६०च्या दशकात मांडली होती, तेच पुढे नवी मुंबई झालं.

इमारतीच्या पोटात लिफ्टचा काँक्रीटचा गाभा आहे. वादळवाऱ्याचा आडवा जोर मुख्यतः तो घेतो. हा गाभा बाकीच्या इमारतीच्या आधी स्लिपफॉर्म पद्धतीनं चढवला. म्हणजे साचा एका जागी बांधून, काढून, पुन्हा बांधत बसायचं नाही. काँक्रीट घट्ट होत जाईल तसा साचा हळूहळू वर सरकवत न्यायचा. आपल्याकडे बहुमजली इमारतीसाठी हे तेव्हा नवीन होतं. गच्च्या या गाभ्यापासून आणि आडव्या भिंतींपासून बाहेर झेपावतात, ६.३ मीटरपर्यंत, खाली कोपऱ्यात खांब नाही. कोपरा खरोखर मोकळा मिळाला तो त्यामुळे. कोपऱ्यात एक खांब दिला असता तर काम स्वस्त झालं असतं आणि सगळी मजा गेली असती.

घरांचे चार प्रकार आहेत, तीन ते सहा बेडरूमचे, आणि ते एकमेकांत अडकवलेले आहेत. म्हणून २८ मजले आणि ३२ घरं हा हिशोब सरळ भागाकारानं सुटत नाही. प्रत्येक घराला पूर्व आणि पश्चिम दोन्ही बाजू मिळाव्यात यासाठी ही कसरत. आरपार वाऱ्याचं रहस्य यातच आहे. एका मजल्यावर चार फ्लॅट, मध्ये लॉबी, ही आजची मांडणी घेतलीत की वारा एका बाजूनं येतो आणि जायला वाट न मिळाल्यामुळे दारातच थांबतो.

आणि हो, ही गोष्ट कोरियांना अचानक सुचली नव्हती. १९६०च्या दशकातल्या त्यांच्या मलबार हिलच्या सोनमार्ग इमारतीतही खोल्यांच्या बाहेर असा सोसणारा पट्टा देण्याचा प्रयत्न आहे.

हिशोबी_माणूस

मला आकडे दिले की झोप येत नाही.

८४ मीटरला २८ मजले, म्हणजे मजला ३ मीटर. दुमजली गच्चीचं तोंड झालं ६ मीटर उंच. तिची खोली सहाच्या आसपास धरू.

पाऊस: वाऱ्यानं थेंब ४५ अंशांत तिरका झाला तर वरच्या कडेजवळून आलेला थेंब ६ मीटर आत पडणार, म्हणजे थेट दाराच्या उंबऱ्यापाशी. त्याहून जोराचा वारा असेल तर उंबऱ्याच्याही आत.

ऊन: सूर्यास्ताच्या साधारण दीड तास आधी सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असतो. तेव्हा वरचा स्लॅब जितका बाहेर असेल त्याच्या ०.३६ पट सावली खाली पडते. ६ मीटरला सुमारे २.२ मीटर. म्हणजे आतल्या भिंतीचा वरचा २.२ मीटर भाग सावलीत आणि खालच्या ३.८ मीटरवर ऊन. माणूस तर खालीच बसतो!

तेव्हा दुमजली उंची हा हवामानाचा उपाय आहे हे मला पटत नाही. एक मजला उंचीची गच्ची जास्त सावली देईल, जास्त कोरडी राहील. दुमजली उंची ही शोभा आहे.

सुकी_भेळ

धाग्यात त्रिकोणमिती आली. मी चहा टाकते.

ओलगळती

हिशोबी_माणूस, तुमचं गणित बरोबर आहे आणि मला ते फार आवडलं. पण तुम्ही गच्चीला खोली समजून तपासताय. गच्ची कोरडी राहावी अशी अपेक्षाच नाही. पाऊस उंबऱ्यापर्यंत पोचतो आणि तिथे थांबतो, तुमच्याच आकड्यानं. ऊन आतल्या भिंतीपर्यंत येतं, पण ते सहा मीटर हवेतून, कुंड्यांतून आणि चिकांतून येतं. (बाईंकडे बांबूच्या चिका, म्हणजे गुंडाळायचे पडदे आहेत, चार वाजले की सोडतात.) तापते ती गच्चीची फरशी, आतली फरशी नाही.

आता याच २० अंशांच्या उन्हाला आपला नेहमीचा दोन फुटी छज्जा काय देतो? ०.६ गुणिले ०.३६. साधारण २२ सेंटीमीटर. खिडकीची वरची झडप फक्त सावलीत. पश्चिमेच्या उन्हाला छज्जा पुरत नाही, खोलीच लागते. दक्षिणेला छज्जा चालतो, कारण तिकडे सूर्य उंचावर असतो. सगळ्या बाजूंना एकच छज्जा कॉपी-पेस्ट करणाऱ्यांना हे कुणीतरी सांगा.

उंचीबद्दल: एक मजला उंचीची, सहा मीटर खोल गच्ची केलीत तर ती जास्त कोरडी राहील हे खरं, पण तिच्यामागची खोली काळोखी होईल. भर दुपारी ट्यूबलाइट. दुमजली तोंडामुळे उजेड आतपर्यंत जातो. उजेड हवा, ऊन नको, अशी ती तडजोड आहे.

हिशोबी_माणूस

उजेडाचा मुद्दा धरला नव्हता. मान्य, पण अर्धाच. शोभेचे गुण मी तरी कापणारच.

टी_स्क्वेअर

शोभेचे गुण कापू नका हो, आमची पोटं त्यावर आहेत.

मुलुंड_लोकल

ताईंनी उपनगरातला टॉवर म्हटलं, तो आमचा नसेल तर आमच्यासारखाच असेल. आमच्या आधीच्या, १९९६च्या बिल्डिंगमध्ये बाल्कनी होती. कागदावर. ताबा मिळाला तेव्हाच ती हॉलमध्ये घेतलेली होती. बिल्डर म्हणाला, "साहेब, सगळेच घेतात, वापरायला जागा मिळते." आम्हीही खूश. भिंत पाडल्यावर हॉलचा बाहेरचा भाग बाल्कनीच्या पातळ पॅरापेटवर उभा, त्यावर सरकती काच. दर पावसात रुळात पाणी साचायचं आणि सोफ्याखाली उतरायचं. वीस वर्षं आम्ही जुनी धोतरं लावली तिथे. नवीन घर घेताना बायकोची एकच अट होती, खरी बाल्कनी हवी. सगळा घोडबंदर रोड पालथा घातला. जिथे होती तिथे "डेक" नावाची, तीन फूट रुंद, अर्धी जागा एसीच्या बाहेरच्या युनिटनं खाल्लेली.

माझा साधा प्रश्न: एवढं सोपं आहे तर बांधत का नाहीत?

जुना_नकाशा

निवृत्त आहे, आयुष्य नकाशे तपासण्यात गेलं, म्हणून याचं उत्तर देतो.

बांधत नाहीत कारण चटईक्षेत्र, म्हणजेच एफएसआय: भूखंडाच्या मानानं किती बांधकाम करता येईल त्याची मर्यादा. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत बाल्कनी मजल्याच्या क्षेत्राच्या १० टक्क्यांपर्यंत एफएसआयमधून सूट मिळून बांधता येई. हेतू चांगला होता: लोकांना सावली आणि मोकळी हवा मिळावी. पण त्याच नियमांत अधिमूल्य भरून ती बंद करायचीही सोय होती. मग काय होणार? बाल्कनी फुकट घ्यायची, थोडे पैसे भरून खोलीत मिसळायची आणि खोलीच्या भावानं विकायची. मुलुंड_लोकल यांची बाल्कनी अशीच गेली. पुढे फ्लॉवरबेड आणि कोनाडे यांच्या नावाखालीही तेच सुरू झालं. फुलझाड एक नाही, पण फ्लॉवरबेड प्रत्येक खोलीला.

ते थांबवण्यासाठी जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले. बाल्कनी, फ्लॉवरबेड वगैरे सगळं एफएसआयमध्ये मोजायचं आणि त्या बदल्यात निवासी इमारतीला अधिमूल्य भरून ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा एफएसआय द्यायचा. चोरी थांबली, हे मी स्वतः पाहिलं. पण आता बाल्कनीचा एक चौरस फूट आणि बेडरूमचा एक चौरस फूट बिल्डरला सारखाच पडतो. गिऱ्हाईक मात्र विचारतं, "कार्पेट किती? बेडरूम किती बाय किती?" भिजणाऱ्या जागेला दर कोण देणार? ती आपोआप गेली.

कांचनजंगासारख्या इमारतीत मोक्याच्या कोपऱ्यांवर दुमजली रिकामी जागा सोडायची म्हणजे विकण्याजोगी सर्वांत महाग जागा हवेला द्यायची. आजचा एकही विकासक ते करणार नाही, आणि मी त्याला एकट्याला दोष देणार नाही. आम्ही नियम लिहिणाऱ्यांनी एकदा सूट दिली तेव्हा चोरी झाली, सूट काढली तेव्हा सावली गेली.

मुलुंड_लोकल

हे आमच्या बिल्डरनं कधीच सांगितलं नाही. जुना_नकाशा काका, धन्यवाद. धोतरांचा हिशोब आता कुणाकडे मागू?

मरीन_लाइन्स_स्लो

समुद्रकाठच्या इमारती म्हटलं की लोक आधी मरीन ड्राइव्ह घेतात, इथे अजून कुणी घेतलं नाही म्हणून मी घेतो. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या परिसराबरोबर तिथल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. त्यातल्या बहुतेक १९३०च्या दशकाच्या मध्यापासून पुढे, बॅकबेच्या भरणीवर उभ्या राहिल्या. आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट, तेव्हा सामान्य घरबांधणीत नवं होतं आणि सिमेंटवाले आणि आर्किटेक्ट ते मिरवायला उत्सुक होते. म्हणून ते गोल कोपरे, बोटीसारखे कठडे, गोल खिडक्या, लाटांच्या जाळ्या. खिडक्यांवरून सलग फिरणाऱ्या छज्ज्यांच्या पट्ट्यांना अभ्यासक 'भुवया' म्हणतात.

गजानन म्हात्रे हे नाव मराठी मंडळींनी लक्षात ठेवायला हवं. ओव्हलसमोरची एम्प्रेस कोर्ट त्यांची. परदेशातल्या मासिकांतली फॅशन मुंबईच्या उन्हापावसाला बेतून देणाऱ्यांपैकी ते एक.

पण ओलगळती ताईंचा चष्मा लावून बघितलं तर मरीन ड्राइव्ह काठावर पास होतं. भुवया सुंदर, पण पश्चिमेच्या उन्हाला त्यांची मदत तुम्ही वर काढलीच आहे: २२ सेंटीमीटर. बाल्कन्या आहेत, म्हणून ती घरं राहण्यासारखी आहेत. आणि तिथेही निम्म्या बाल्कन्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांनी बंद झाल्यात. फूटपाथवरून चालत जा आणि मान वर करा. मूळ दर्शनी भाग शोधायला लागतो. वारसा यादी बाहेरून लागते, खारा वारा आत येतो आणि लोक खिडकी लावून घेतात.

गिरगावची_गॅलरी

भाडं गोठलेलं, मग दुरुस्ती कोण करणार? १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर मालकाला इमारतीत रस उरला नाही आणि भाडेकरूला मालकीचा हक्क नाही. आमच्या चाळीची गॅलरी अशीच टेकूवर आली आणि पुनर्विकासात गेली. आता आम्ही तेविसाव्या मजल्यावर. गॅलरी नाही. शेजारी कोण राहतं हे व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळतं.

म्हणून विचारलं होतं. ३२ घरांची पडवी बघून मला आनंद कमी आणि चरचर जास्त.

बेलापूरवासी

टी_स्क्वेअर सर "येतोच" म्हणाले आणि आले नाहीत, म्हणून मी येतो 🙂

ज्या वर्षी कांचनजंगा पूर्ण झाली त्याच सुमाराला, म्हणजे १९८३ ते ८६ मध्ये, कोरियांनीच सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी, आमचं बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज केलं. सुमारे ६ हेक्टरमध्ये ५५० कुटुंबं, सगळी बैठी किंवा एकमजली घरं. लिफ्ट नाही, काँक्रीटचे झेपावणारे स्लॅब नाहीत. सात घरं एका छोट्या सामायिक अंगणाभोवती, अशी तीन टोळकी मिळून एक मोठं अंगण, आणि असं वाढत वाढत नाल्याकाठच्या मैदानापर्यंत. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरच्या दरम्यान. मुद्दाम एवढाच फरक, म्हणजे गरीब आणि जरा बऱ्या स्थितीतला यांच्या घरांत फार अंतर पडू नये. एकाही घराची भिंत शेजाऱ्याबरोबर वाटलेली नाही, त्यामुळे वाढवायचं तर ज्याचं त्यानं वाढवावं.

आणि लोकांनी वाढवलं! मूळ उतरत्या कौलांचं घर आता शोधावं लागतं. आमच्या अंगणातली बहुतेक पाडून तिथे तीन मजली बंगले झाले, संगमरवरी खांबांसकट. पण अंगणं टिकली. ते मोजमाप कुणालाच मोडता आलं नाही. मुलं अजून तिथेच खेळतात, आंब्याच्या साली तिथेच सुकतात, गाड्या मात्र आत शिरल्या आहेत.

गिरगावची_गॅलरी, तुमची गॅलरी तिथे आडवी अंथरलेली आहे. एकदा येऊन बघा.

टी_स्क्वेअर

मी हेच लिहिणार होतो, पण बेलापूरवासींनी राहून लिहिलंय, ते बरं. एकच जोड: दादरच्या गोखले रोडवरचं पोर्तुगीज चर्चही कोरियांचंच, १९७०च्या दशकातलं. कवचांसारखी काँक्रीटची छपरं आणि मधे उघडी अंगणं. दादरला रानडे रोडवर खरेदीला जाणाऱ्या निम्म्या मंडळींनी ते आत जाऊन बघितलेलं नसतं. पुण्याच्या लोकांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था बघावी. अंगण, पडवी, उघडं आकाश हे त्यांचं एकच पालुपद आहे, श्रीमंतासाठी वेगळं आणि देवासाठी वेगळं असं नाही.

गिरगावची_गॅलरी

रानडे रोडवर जन्म गेला, चर्चच्या आत गेलेलो नाही. ठीक आहे. बेलापूरला मात्र नक्की येणार. चरचर तरी तशीच आहे हो, सांगून ठेवतो. पाचशे घरांची अंगणं शहराबाहेर आणि बत्तीस घरांची पडवी पेडर रोडवर.

बेलापूरवासी

ते आम्हालाही रोज हार्बर लाइनवर आठवतं.

नवी_चौकट

मी स्ट्रक्चरला आहे, नवीन. ताई, एवढे लांब स्लॅब, समुद्राचा वारा, भिजणारी गच्ची. सळया गंजत नाहीत का? तुम्ही पोपडे शोधले होते, सापडले का?

ओलगळती

मी पाव्हणी म्हणून गेले होते, ऑडिट करायला नाही, त्यामुळे त्या इमारतीच्या तब्येतीबद्दल इथे काही लिहिणार नाही. कुणाच्या घरी चहा पिऊन बाहेर येऊन त्यांच्या भिंतींबद्दल बोलू नये.

सर्वसाधारण सांगते. समुद्राच्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये झिरपतं आणि सळईभोवतीचं संरक्षण मोडतं. गंज चढला की त्याचं आकारमान मूळ पोलादाच्या दुपटीहून जास्त होतं, आतून दाब येतो, आधी सळईच्या रेषेत तडा दिसतो, मग काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. म्हणून काठावरच्या इमारतीत सळईवरचं काँक्रीटचं कव्हर जास्त हवं आणि काँक्रीट दाट हवं. बाहेर झेपावणाऱ्या स्लॅबमध्ये मुख्य सळया वरच्या अंगाला असतात, जिथे पाणी उभं राहतं नेमकं तिथे! त्यामुळे अशा गच्चीला वॉटरप्रूफिंग हे सजावटीचं काम नाही, जीव सांभाळायचं काम आहे. ३० वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. सोसायट्या ते कागद म्हणून आणतात. कागदाआधी कुणीतरी हातोडी घेऊन ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का ते.

नवी_चौकट

म्हणजे पडवी बांधायची तर आधी कोबा (पाणी अडवणारा थर) शिका.

ओलगळती

आधी उतार. मग कोबा.

मुलुंड_लोकल

ताई, जाता जाता एक फुकट सल्ला. आता आमच्याकडे तीन फुटी डेक आहे. बायको म्हणते सगळं बंद करू या नाहीतर धूळ येते, मी म्हणतो उघडंच राहू दे. उघडं ठेवलं तर पाणी आत येऊ नये म्हणून काय करू?

ओलगळती

वहिनींना हा धागा वाचायला द्या आणि उघडंच ठेवा. हे बघा: डेकची तयार फरशी हॉलच्या फरशीपेक्षा खाली असायला हवी. ती समपातळीत असेल तर दारात ग्रॅनाइटचा निदान तीन इंची उंबरा घ्या, सोसायटीतल्या आजोबांचा पाय अडखळणार नाही अशा वेगळ्या रंगाचा. उतार दारापासून बाहेर, शंभराला एक. पाणी जायची जाळी एक असेल तर दुसरी एक काढून ठेवा, कारण पहिली कबुतराच्या पिसांनी तुंबतेच. फरशी बदलणार असाल तर जुन्यावर नवी चिकटवू नका, उंबऱ्याची उंची त्यात जाते. वॉटरप्रूफिंग भिंतीवर एक फूट चढवा. फरशी बसवण्याआधी जाळीला बोळा मारून पाणी भरून ठेवा, तीन दिवस तरी, आणि खालच्या मजल्यावाल्यांकडे रोज चहाला जा.

एसीचं युनिट भिंतीवर चढवता आलं तर बघा. खुर्ची ठेवायला जागा होईल.

मुलुंड_लोकल

खालच्या मजल्यावर बिल्डरचाच मेहुणा राहतो. चहा मिळेल असं वाटत नाही, पण जातो.